निळ्या वहीतले वडील

अमरावतीच्या एका कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं फ्रेंच शिकवलं. तेवढ्या काळात फ्रान्सला गेले एकदाच, तेही बारा दिवस, आणि त्यातले दोन दिवस तापाने अंथरुणात काढले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण फ्रेंचची बाई म्हटली की ती उठसूट पॅरिसला जात असणार अशी लोकांची समजूत असते. मी उठसूट जायचे ती बडनेऱ्याला. अकोल्याहून सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून ऑटोने कॉलेज, आणि संध्याकाळी हेच उलट. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात प्राचार्य म्हणाले, मॅडमनी या भागात फ्रेंचचं रोपटं लावलं. त्या रोपट्याला मी वर्षानुवर्षं काय घातलं ते त्यांना माहीत नव्हतं. ते सांगायला म्हणून हा लेख.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. अकोला-अकोट ही त्यांची नेहमीची गाडी. मी मार्कांसाठी अकरावीला फ्रेंच घेतलं आणि ते मला आवडून बसलं. एम.ए.ला तेच घेऊन पुण्याला जाणार म्हटलं तेव्हा बाबा जेवायला बसले होते. घास तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "फ्रेंच? काहून? तिकडं कोनी हाय काय आपलं?"

"नाई," मी म्हटलं.

"मंग शिक. आज नसन कोनी, उद्या होईन," असं म्हणून त्यांनी घास तोंडात घातला. परवानगी मिळाली.

पुण्यात माझं फ्रेंच कोणाला खटकलं नाही, मराठी खटकलं. "मी नोट्स लिहून राहिली" म्हटलं की मागच्या बाकावर हसू फुटायचं. पहिल्या सहा महिन्यांत मी आधी मराठी घासूनपुसून घेतलं आणि मग फ्रेंचकडे वळले. तोंडी परीक्षेत घरच्यांविषयी विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझे वडील इंजिनीअर आहेत. पुस्तकातल्या पहिल्या धड्यातल्या मुलीचे वडील इंजिनीअर होते, एवढंच त्याला कारण. ड्रायव्हरला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते मला येत होतं. शोफर हा शब्द तर जगभर गेलेला आहे, जुन्या हिंदी सिनेमातल्या शेटजींनाही येतो. मला तो वापरायचा नव्हता.

आता धंद्याविषयी थोडं. आमच्याकडे फ्रेंच घेणारी बहुतेक मुलं अकरावी-बारावीची, आणि ती येतात मार्कांसाठी. बी.ए.ला राहतात आठ-दहा, आणि त्यांच्यातही भाषेच्या ओढीने राहिलेलं एखादंच. प्रवेशाच्या दिवसांत व्हरांड्यात टेबल टाकून बसावं लागतं. माझ्या एका बाजूला संगीत, दुसऱ्या बाजूला पाली. ठरावीक संख्या भरली नाही तर वर्ग बंद, म्हणून आम्ही तिघं येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांकडे आशेने बघायचो. पाली आणि संगीताचं एक बरं असतं, की त्यांचं कोणीतरी गावात बोलणारं, गाणारं असतं. फ्रेंच मुलांच्या कानावर पडायचं ते फक्त माझ्या तोंडून. मी एखादा उच्चार चुकले की पुढची दहा वर्षं अख्खा जिल्हा तो तसाच चुकणार. संस्कृतीच्या पेपरला चीजचे प्रकार होते. मुलं ती नावं घोकायची, मी त्यांना मार्क द्यायचे, आणि त्यातलं एकही चीज आमच्यापैकी कोणी चाखलेलं नव्हतं.

बाहेरची गिऱ्हाइकं अधूनमधून यायची. शेंदूरजनाघाटचे एक संत्राव्यापारी एकदा पिशवीत जाडजूड पुस्तक घालून आले. संत्री आकाराप्रमाणे वेगळी करणारं जुनं मशीन त्यांनी कुठूनतरी आणलं होतं आणि त्याचं माहितीपुस्तक फ्रेंचमध्ये आहे असं त्यांना कोणी सांगितलं होतं. मी उघडून बघितलं.

"काका, हे इटालियन आहे."

"असू द्या ना. बाहेरचंच हाय ना?"

"मला इटालियन येत नाही."

त्यांनी दारावरची पाटी पाहिली, कपाटातली पुस्तकं पाहिली, शेवटी माझ्याकडे पाहिलं. "मंग मॅडम, तुमी नेमकं शिकवता काय?"

शेवटी चित्रं बघत, मिळतेजुळते शब्द लावत आम्ही दोघांनी तासाभरात ते मशीन समजून घेतलं. पुढे कित्येक हंगाम माझ्याकडे संत्र्याची पेटी येत राहिली.

दुसरे एक गृहस्थ पातूरकडचे शेतकरी. मुलगा फ्रान्समध्ये नोकरीला, तिथल्याच मुलीशी लग्न ठरलेलं, आणि दोन्ही वडिलांचं व्हिडिओवर बोलणं व्हायचं होतं. मध्ये मी. हे गृहस्थ सुरू झाले, "आमची काळ्या मातीची शेती हाय, कपाशी अन् तूर. औंदा बोंडअळीनं लय खाल्लं. घर साधं हाय, पन तुमच्या पोरीले काई कमी पडू देनार नाई. अन् आमच्या घरी सकाळी चारलेच सारे उठते, थे तिले सांगून ठेवा."

मी फ्रेंचमध्ये सांगितलं, यांचा शेतीचा व्यवसाय आहे आणि या लग्नाने त्यांना फार आनंद झाला आहे.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, मी इतकं बोललो, अन् तुमी इतकुसंच काहून बोलल्या?"

"फ्रेंच लोक थोडक्यात बोलतात," मी थाप मारली.

"हो काय? व्याही तं लय बोलून राहिला."

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये बरेचदा सांगून हशा मिळवला आहे. मी काय गाळलं आणि का गाळलं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

आता निळ्या वहीबद्दल. फ्रेंचची तोंडी परीक्षा घ्यायला नागपूरहून परीक्षक येतात. प्रत्येक मुलाला तीन मिनिटं. प्रश्न ठरलेले असतात: नाव, घर, कुटुंब, छंद, रविवार कसा घालवता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी या प्रश्नांची उत्तरं एका निळ्या वहीत लिहून काढली. मी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. माझे वडील इंजिनीअर आहेत, आई शिक्षिका आहे. मला एक भाऊ आणि एक कुत्री आहे, तिचं नाव बोबी. सकाळी मी ब्रेड, लोणी आणि जॅम खाते. रविवारी आम्ही समुद्रावर फिरायला जातो. अमरावतीहून समुद्र किती लांब आहे, हा विचार ना मी केला ना मुलांनी. शब्द सोपे होते, वाक्यं बिनचूक होती, आणि निकाल शंभर टक्के लागला.

वही कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि तिथेच राहिली. मोठ्या बहिणीची प्रत धाकटीला, तिची शेजारणीला. नागपूरचे परीक्षक एकदा चिवड्याची बशी पुढे ओढत म्हणाले, "बाई, तुमच्या गावात बोबी नावाच्या कुत्र्या आहेत तरी किती?" हसले, सगळ्यांना भरघोस मार्क देऊन चारच्या बसने परत गेले. त्यांची स्वतःची पण एक वही होती. तिच्यात मांजर होतं, हे त्यांनीच मला सांगितलं.

प्रतीक्षा आमच्याकडे आली ती अकोटहून. वडील प्रल्हादभाऊ तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर. मुलीचा सगळा अभ्यास विहारातल्या अभ्यासिकेत झालेला. इथे अमरावतीत ती मुलींच्या होस्टेलला राहायची. बाकीची मुलं माझ्या नोट्स वाचत, ही मूळ पुस्तकं मागायची. तिसऱ्या वर्षाला तर दीडशे वर्षांपूर्वीच्या जाड्या फ्रेंच कादंबऱ्या शब्दकोश मांडीवर घेऊन वाचू लागली, आणि त्याही गिरण्या, कारखाने, कामगार यांच्यावरच्या. एकदा म्हणाली, "मॅडम, हे लिवनारे कारखान्यात एक दिवस जाऊन आलेले दिसते. आवाज बराबर हाय, पन वास नाई." अठ्ठावीस वर्षांत मला असं म्हणणारी विद्यार्थिनी दुसरी भेटली नाही.

फ्रान्समधल्या एका विद्यापीठात शिष्यवृत्तीसह एम.ए. करता येणार होतं. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं शक्य, नाहीतर विषय संपला. प्रतीक्षाने 'कादंबरीतला कारखाना' हा विषय मांडून अर्ज केला. निबंध तिचाच होता, मी फक्त चुका काढल्या. पहिल्या फेरीत निवड झाली आणि व्हिडिओवर मुलाखत ठरली. त्या वेळी माझा अकरावीचा तास होता, म्हणून ती विभागातल्या खोलीत एकटी बसली. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. "कसं झालं?" "बरं झालं," म्हणाली. मी तासाच्या गडबडीत आणखी काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी ती वडिलांना घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. प्रल्हादभाऊंना मी पहिल्यांदाच बघत होते. इस्त्रीचा शर्ट, नखांत काळं वंगण. त्यांनी एक छापील कागद पुढे केला.

"मॅडम, हे वाचून सांगा. पोट्टी सांगून नाई राहिली."

नकाराचं पत्र होतं. विषय चांगला असल्याचं लिहिलं होतं. पण उमेदवाराची उत्तरं पाठ केलेली वाटली. कुटुंबाची सांगितलेली माहिती अर्जातल्या माहितीशी जुळत नाही. आणि कारखाना कधी आतून पाहिला आहे का, या प्रश्नाला उमेदवाराने 'नाही' असं उत्तर दिलं. त्यामुळे या विषयाशी तिचा स्वतःचा संबंध काय, हे समितीला समजू शकलं नाही.

मला वाचता वाचता सगळं डोळ्यांसमोर दिसलं. अनोळखी चेहरे समोर, आणि पहिलाच प्रश्न: घरच्यांविषयी सांगा. अकरावीपासून घोकलेलं आपोआप बाहेर आलं असणार. तिसरा मजला, इंजिनीअर, बोबी, समुद्र. एकदा इंजिनीअरची मुलगी झाल्यावर कारखान्याच्या प्रश्नाला ती दुसरं काय उत्तर देणार?

मी मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, उत्तरं पाठ केल्यासारखी वाटली. आणि घरची माहिती जुळली नाही."

"कोनती माहिती?"

प्रतीक्षा खाली बघत म्हणाली, "मी सांगतलं, बाबा इंजिनीअर हाय. अन् कारखाना पायला नाई म्हनून सांगतलं."

"पायला नाई?" ते रागावले नव्हते. खरोखर समजून घेत होते. "पाचवीपासून माहा डबा घेऊन येत होती ना तू?" मग, "बाप फिटर हाय हे सांगाची लाज वाटली काय तुले?"

तिने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. 'हे मॅडमच्या वहीत आहे,' एवढंच तिला म्हणायचं होतं. तिने म्हटलं नाही. आणि मीही म्हटलं नाही. दोन बाकांवर सहकारी बसलेले होते, माझ्या शंभर टक्के निकालाचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, आणि मी म्हणाले, "घाबरलं की होतं असं. पुढच्या वर्षी परत अर्ज करता येईल." प्रल्हादभाऊंनी पत्राची चार घड्यांची घडी घालून खिशात ठेवली आणि दोघं अकोटची बस पकडायला गेली.

पुढचे आठ दिवस मी वर्ग घेतले, पण मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या मुलीने माझी अब्रू राखली होती आणि त्यासाठी बापाच्या नजरेतून उतरली होती. रविवारी सकाळी मी अकोल्याच्या स्टँडवरून अकोटची गाडी पकडली. बाबांची गाडी. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्यानंतर या रस्त्याने मी आलेच नव्हते.

जिनिंगचा हंगाम होता. फाटकाशी कापसाच्या गाड्या लागलेल्या, आत हवेत बारीक तंतू, आणि आवाज असा की शेजारच्याला ओरडून सांगावं लागे. प्रल्हादभाऊ मला बघून बाहेर आले. एका कडुलिंबाखाली उभं राहून मी सांगितलं, आणि सांगताना माझं पुण्याचं मराठी कुठे गेलं ते कळलंच नाही.

"भाऊ, थे वाक्य माह्यं हाय. माह्या वहीतलं. वीस-पंचवीस वर्षं झाली, साऱ्या पोरांले मीच तसं शिकवून राहिली. प्रतीक्षाची त्यात काई चूक नाई."

त्यांनी चिंधीने हात पुसले. "मंग त्या दिवशी काहून नाई बोलल्या?"

"लाज वाटली."

ते म्हणाले, "आठ दिवसापासून पोट्टी माह्यासंग धड बोलून नाई राहिली. मले वाटलं, मीच कुठं तरी कमी पडलो." आणि मग अगदी सहज, "तुमचे वडील काय करत होते?"

"एसटीवर ड्रायव्हर. हीच अकोला-अकोट."

"ही?" त्यांनी रस्त्याकडे हात केला. "मंग मी गेलो असन कई त्यांच्या गाडीत." आणि लगेच, "चाला आत. आल्याच तं पाहून घ्या."

त्यांनी मला मशीन दाखवलं. चामड्याचा रोलर फिरतो, कापूस ओढून घेतो. त्याला लागून दोन चाकू: एक बसवलेला, एक खालीवर हलणारा. रुई पुढे निघते, बी म्हणजे सरकी खाली पडते. रोलर आणि चाकू यांच्यात किती जागा ठेवायची, ते प्रल्हादभाऊंचं काम. जास्त झाली तर रुई सुटत नाही, कमी झाली तर सरकी फुटते. हे सांगताना त्यांचा आवाज मास्तरांसारखा झाला होता. एवढ्यात प्रतीक्षा डबा घेऊन आली आणि आम्हा दोघांना मशीनपाशी बघून दारातच थांबली. वडिलांनी तिला हाताने बोलावलं. "मॅडमनं सांगतलं मले," एवढंच म्हणाले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "मॅडम, सरकीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?"

मला माहीत नव्हतं. रुईला, रोलरला, फिटरला, या उडणाऱ्या तंतूंना, कशालाच मला नेमका शब्द येत नव्हता. चीजची एकवीस नावं येत होती.

दुपारी त्यांच्या घरी बसून आम्ही नवी वही सुरू केली. आधी सगळं मराठीत, तेही प्रल्हादभाऊ म्हणतील तसं. मग आठवड्यामागून आठवडे शब्दकोश, कापडगिरण्यांवरची जुनी पुस्तकं, इंटरनेटवरचे फ्रेंच कारखान्यांचे व्हिडिओ. काही शब्द सापडले. सरकी आम्ही सरकीच ठेवली आणि ती काय असते ते एका वाक्यात सांगायचं ठरवलं. प्रल्हादभाऊ मधूनच दुरुस्ती करायचे. "चाकू कापत नाई, मॅडम. चाकू अडवते. थे बराबर लिवा."

झेरॉक्सवाल्याकडून मी निळी वही परत घेतली. "मॅडम, सगळ्यात जास्त हेच चालते," तो हळहळला. वर्गात सांगितलं, यंदा ज्याने त्याने आपल्या घराबद्दल बोलायचं. मुलं हादरली, पालक भेटायला आले. परीक्षेत वरुडच्या मुलाने संत्र्याची कलमं बांधण्यावर बोलायला सुरुवात केली आणि अर्ध्यात अडकला. एका मुलीची आई खानावळ चालवत होती, तिने चपात्या लाटण्यावर इतकं अशुद्ध आणि इतकं पुष्कळ सांगितलं की परीक्षक प्रश्न विचारत राहिले आणि त्यांची चारची बस चुकली. "बोबी मेली वाटतं," जाताना म्हणाले. निकाल शंभरावरून घसरला. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मला लेखी खुलासा द्यावा लागला, आणि तो मी दिला. रोपट्याचं भाषण त्याच्या दोन महिन्यांनी झालं.

पुढच्या वर्षी प्रतीक्षाने पुन्हा अर्ज केला; तिची दुसरी मुलाखत अकोल्याला माझ्या घरी झाली, कारण माझ्याकडचं इंटरनेट बरं होतं. दुपारची वेळ. प्रल्हादभाऊ सुट्टी टाकून आले. "मले समजनार नाई, पन ऐकू तं द्या," म्हणाले. त्यांना मी कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात खुर्ची दिली.

पहिला प्रश्न तोच. घरच्यांविषयी सांगा. प्रतीक्षाने एक श्वास घेतला आणि बोलू लागली. हळू, अडखळत, चुका करत. जुन्या सवयीने मी बोटांवर चुका मोजायला लागले आणि चौथ्या बोटावर थांबले. समितीतल्या बाईंनी मध्येच विचारलं, मागच्या वर्षी तुम्ही कारखाना पाहिला नाही म्हणालात. प्रतीक्षा म्हणाली, "मागच्या वर्षी मी पाठ केलेलं बोलले. माझं आज बोलते आहे." अकोट आणि सरकी हे दोन शब्द ऐकून प्रल्हादभाऊ पुढे वाकले. मी ओठांवर बोट ठेवलं.

निवडीचं पत्र यथावकाश आलं. प्रतीक्षा आता तिकडेच आहे, दुसऱ्या वर्षाला. थंडीबद्दल तक्रार करते आणि ठेचा पाठवा म्हणते. पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलाखत संपली आणि ती आईला फोन करायला अंगणात गेली.

"आता सांगा," प्रल्हादभाऊ म्हणाले. "काय बोलली?"

मी सांगायला बसले. या वेळी एकेक वाक्य, होतं तसं. "ती म्हणाली, माझे वडील अकोटच्या जिनिंगमध्ये फिटर आहेत. हंगामात ते घरी येतात तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस असतो आणि आई त्यांना झटकल्याशिवाय आत घेत नाही. मी पाचवीपासून त्यांचा डबा नेत होते. कोणतं मशीन बंद पडलंय ते मला फाटकातूनच आवाजावरून कळायचं. त्या आवाजाने वडिलांचा डावा कान गेला. म्हणून आमच्या घरी सगळे मोठ्याने बोलतात, आणि मी फ्रेंचही मोठ्याने बोलते, त्याबद्दल माफ करा."

ते खुर्ची जवळ ओढत म्हणाले, "डावा नाई. उजवा."

"काय?"

"कान. उजवा गेला हाय. डाव्यानं येते ऐकू. तिले सांगा, पुढच्या खेपेले बराबर सांग म्हना."

मी हसले, तेही हसले. मग त्यांनी विचारलं, "अन् तुमच्या बाबाचं कई सांगतलं काय त्या भाषेत?"

"सांगितलं होतं. इंजिनीअर आहेत म्हणून."

"मंग आता खरं सांगा."

"कोणाला?"

"मले सांगा ना. मी कोनाले सांगतो?"

त्यांनी खुर्ची फिरवली आणि डावा कान माझ्याकडे केला. मी चाळीस वर्षं ही भाषा वापरली होती, पण हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं. माझे वडील शोफर होते. अकोला-अकोट गाडी चालवायचे. मी ही भाषा शिकणार म्हटलं तेव्हा ते जेवत होते, आणि त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. त्यांचा प्रश्न मी सांगितला आणि त्यानंतर त्यांनी दिलेली परवानगीही. मी त्यांना परक्या माणसांपुढे कसं लपवलं, तेही सांगितलं. अकोटच्या त्या फिटरला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ते मध्ये एकदाही बोलले नाहीत.

मी थांबले तेव्हा त्यांनी मान हलवली.

"आता मराठीत सांगा," ते म्हणाले. "अन् काई सोडू नका."